नव्या लॅपटॉपचे नऊ नियम: एका फॉरवर्डला उत्तर

"नवीन लॅपटॉप घेणाऱ्यांनो, कंपनी आणि दुकानदार कधीच सांगणार नाहीत असे नऊ नियम" या मथळ्याचा संदेश जूनपासून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी तो न वाचताच सोडून दिला. ती माझी चूक झाली. तिसऱ्या वेळी तो पाठवणारे आमचे दाजी होते आणि त्यांनी तो नुसता पाठवला नाही, तर अक्षरशः पाळला. भाचीला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाल्यावर शहरातल्या एका दुकानातून लॅपटॉप घेतला गेला, संदेशाची छापील प्रत जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी अभ्यासाच्या टेबलावरच्या काचेखाली गेली आणि सहा आठवड्यांनी, पहिल्या सबमिशनच्या आदल्या रात्री, "मामा, निळी स्क्रीन आली आहे आणि ती ४८ आकडी नंबर मागते आहे" असा भाचीचा फोन आला. त्या नंबराकडे मी येणारच आहे. पण संदेश जसा लिहिला आहे त्याच क्रमाने जाऊ.

पहिला नियम म्हणतो, की लॅपटॉप घरी आणल्यावर सलग बारा तास चार्ज केल्याशिवाय सुरू करू नये. दुसरा म्हणतो, की बॅटरी रोज शून्यावर आणूनच पुन्हा भरावी, नाहीतर तिला 'सवय लागते'. हे दोन्ही नियम कोणे एके काळी निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांसाठी सांगितले जात, कारण त्या बॅटऱ्या पुन्हा पुन्हा अर्धवट वापरून भरल्या तर त्यांची क्षमता घटल्यासारखी वागत. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तिच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि आज दुकानात मिळणाऱ्या लॅपटॉपमध्ये तीच बॅटरी असते. तिला अशी सवय लागत नाही. उलट तळापर्यंत रिकामी करणे तिला सोसत नाही. ॲपल आपल्या अलीकडच्या मॅकबुकच्या बॅटरीसाठी १,००० सायकलींचा आकडा देते आणि एक सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के वापर, मग तो एका दिवसात होवो वा चार दिवसांत. म्हणजे दाजींच्या पद्धतीने रोज शंभरावरून शून्यावर आणणारा माणूस तो हिशेब पावणेतीन वर्षांत संपवतो. भाचीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे.

यात अर्धे सत्य एवढेच, की काही लॅपटॉप कारखान्यातून बॅटरी झोपवून पाठवलेले असतात आणि चार्जर जोडल्याशिवाय पहिल्यांदा सुरूच होत नाहीत. तेव्हा पहिल्या वेळी चार्जर जोडावा, हे ठीक. बारा तास वाट पाहावी, हे नाही. चार्जिंग शंभरावर आपोआप थांबते आणि त्यानंतरचे तास फक्त भिंतीवरच्या घड्याळाचे असतात.

तिसरा नियम, "चार्जिंग चालू असताना लॅपटॉप वापरू नका", असा आहे. चार्जर जोडलेला असताना यंत्र थेट चार्जरच्या विजेवर चालते आणि उरलेली वीज बॅटरीत जाते, त्यामुळे वापरण्यात काही धोका नाही. बॅटरीला त्रास होतो तो उष्णतेचा, आणि त्यातही पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास तापत राहण्याचा. ॲपलच्याच सूचनेत मॅकबुकसाठी १० ते ३५ अंश सेल्सिअस हे वापराचे तापमान दिले आहे. सोलापूरचा मे महिना त्या मर्यादेत बसत नाही, हे सांगायला हवामान खाते नको. म्हणून जो लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरला लावूनच वापरला जातो, त्यावर कंपनीच्या सेटिंगमध्ये जाऊन चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. लेनोवो, एचपी, डेल, आसूस या सगळ्यांच्या बहुतेक यंत्रांत कोणत्या ना कोणत्या नावाने ही सोय आहे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत लॅपटॉप ठेवणे, हे मात्र नऊ नियमांत कुठेच आलेले नाही.

चौथा नियम वाचून मला प्रथम हसू आले आणि मग राग आला. "५१२ जीबीचा लॅपटॉप घेतला आणि आत ४७६ जीबीच दिसले, तर दुकानदाराने डिस्क बदलली असे समजा आणि भांडून परत करा." कंपनी जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज मात्र १,०७,३७,४१,८२४ बाइटांना एक जीबी म्हणते. ५१२ अब्ज बाइटांना या दुसऱ्या मापाने भागले, की ४७६ आणि वर काही उरते. एकच सोने जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने मोजले आणि आताच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने मोजले तर तोळे वेगवेगळे भरतील, पण म्हणून सराफाने सोने खाल्ले असे कोणी म्हणत नाही. दाजी खरोखर दुकानात जाऊन भांडून आले होते, आणि ज्या गोष्टीसाठी भांडायला हवे होते ती दुकानात तशीच राहिली.

ती गोष्ट म्हणजे पाचवा नियम. "सेटअपच्या वेळी स्वतःचा ईमेल देऊ नका, कंपनी तुमची सगळी माहिती घेते, दुकानदाराच्या ईमेलवरच सुरू करून घ्या." या एका वाक्याइतका घातक सल्ला मी बऱ्याच दिवसांत वाचलेला नाही. विंडोज ११ असलेल्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, की बहुतेक यंत्रांत डिस्कवरची माहिती आपोआप कुलूपबंद होते, आणि २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर पूर्वी या सोयीबाहेर राहणारी यंत्रेही त्यात आली. या कुलपाची नेहमीची किल्ली यंत्रातल्याच एका सुरक्षा चिपमध्ये असते. यंत्र रोजच्यासारखे सुरू झाले तर चिप मुकाट्याने दार उघडते. पण बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम, बदलला, मदरबोर्ड दुरुस्त झाला किंवा सुरू होण्याच्या टप्प्यात काही वेगळे आढळले, तर ती अडून बसते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ही की, ज्या खात्याने पहिल्यांदा प्रवेश केला त्या खात्यात जमा झालेली असते. ज्याचा ईमेल, त्याच्या हाती किल्ली. ती मिळाली नाही तर आतल्या फायली उघडण्याचा दुसरा मार्ग नाही. सगळे पुसून विंडोज नव्याने टाकणे एवढेच उरते.

भाचीच्या लॅपटॉपवर बायोसचे अपडेट झाले आणि तेच घडले. दुकानात विचारल्यावर कळले, की ते खाते दुकानाचेही नव्हते; तिथे काम करणाऱ्या एका मुलाने स्वतःच्या फोन नंबरावर उघडलेले होते, त्याच खात्यावर आणखी बऱ्याच गिऱ्हाइकांची यंत्रे सुरू करून दिली होती, आणि तो मुलगा दिवाळीपर्यंत थांबेन असे सांगून गणपतीतच काम सोडून गेला होता. चार दिवस गेले. शेवटी तो अक्कलकोट रोडला दुसऱ्या कामावर सापडला, ओटीपी त्याच्या फोनवर आला आणि की मिळाली. तो मुलगा भला होता म्हणून हे जमले. वाईट हेतूचा असता, तर इतक्या लोकांच्या लॅपटॉपच्या किल्ल्या खिशात घेऊन गावभर हिंडला असता आणि त्याला कोणी विचारले नसते.

माहिती गोळा होते ही भीती सर्वस्वी खोटी नाही, हे मला मान्य आहे. सेटअपमध्ये स्थान, जाहिरातींचा ओळख क्रमांक, वापराची माहिती यांबद्दलचे पडदे येतात आणि घाईत सगळ्यांना 'हो' म्हटले जाते. तिथे थांबून एकेक बंद करावे. पण त्यावरचा उपाय परक्याच्या नावाने घर घेणे हा नव्हे. ज्यांच्या यंत्रावर आज दुकानाचे खाते आहे त्यांनी स्वतःच्या ईमेलने नवे खाते जोडावे, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करावे, जुने खाते काढून टाकावे, आणि सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खालचे 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे हेच कुलूप, एकदा बंद करून, ते पूर्ण उलगडल्यावर, पुन्हा चालू करावे, म्हणजे नवी की आपल्या खात्यात येते. जुने खाते काढण्यापूर्वी त्यातल्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. मी भाचीची नवी की कागदावर उतरवून रेशन कार्डाच्या पाकिटात ठेवली आहे.

सहावा आणि सातवा नियम एकत्र घ्यावे लागतात, कारण ते जोडीने घात करतात. सहावा: "विंडोज अपडेट कायमचे बंद करा, अपडेटने यंत्र मंद होते आणि २०२४ मध्ये तर जगभरचे कॉम्प्युटर अपडेटनेच बंद पडले." सातवा: "डिफेंडर बंद करा आणि खालच्या लिंकवरून ऑफिस फुल व्हर्जन टाका." डिफेंडर म्हणजे विंडोजबरोबरच येणारा व्हायरसरोधक प्रोग्राम.

२०२४ ची घटना खरी आहे. १९ जुलैला मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मात्र ते अपडेट विंडोजचे नव्हते, क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीचे होते, आणि ती प्रणाली मोठ्या संस्था विकत घेतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर ती नसते.

अपडेट न केल्याने काय होते याची नोंद मात्र सरकारी कागदावर आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस दीडशे देशांत पसरला, आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात अडकले. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी, दिलेले होते. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरात दिलेल्या अहवालानुसार इंग्लंडमधल्या आरोग्यसेवेच्या २३६ पैकी निदान ८१ ट्रस्टना, म्हणजे रुग्णालये वगैरे चालवणाऱ्या संस्थांना, याचा फटका बसला, हजारो रुग्णांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या, आणि व्हायरसने गाठलेल्या संस्थांची विंडोज एकतर अपडेट केलेली नव्हती किंवा तिला मायक्रोसॉफ्टकडून अपडेट मिळणेच थांबलेले होते. त्या संस्थांना तुलनेने साधे उपाय करून स्वतःला वाचवता आले असते, हा लेखापरीक्षकांचा निष्कर्ष आहे. आपल्या संदेशाचा सहावा नियम नेमके त्याच्या उलट करायला सांगतो.

अपडेटचा त्रास होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या घरात दिवसाचा दीड जीबी सकाळी दहाच्या आत संपतो आणि परीक्षेच्या वेळी यंत्र 'कृपया बंद करू नका' म्हणत बसते. त्यासाठी हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा जपून वापरण्याची सोय) चालू करावे, कामाचे तास ठरवून द्यावेत, आणि फारच अडचण असेल तर अपडेट काही आठवडे पुढे ढकलावे. ही सगळी बटणे सेटिंग्जमध्येच आहेत.

सातव्या नियमातली लिंक मी उघडली नाही आणि कोणी उघडू नये. फुकट ऑफिस देणारे असे बहुतेक प्रोग्राम पहिल्या पायरीवरच डिफेंडर बंद करायला सांगतात, त्यातच सगळे आले; घरफोड्या आधी कुत्रा बांधून ठेवा म्हणतो, तसे. शिवाय पुष्कळ नव्या लॅपटॉपबरोबर ऑफिस आलेलेच असते, ते ठरावीक मुदतीत स्वतःच्या खात्यावर चालू करावे लागते. भाचीच्या खोक्यावर तसे लिहिलेले होते. खोके माळ्यावर होते.

आठव्या नियमात तीन गोष्टी कोंबल्या आहेत. रोज दहा वेळा रिफ्रेश दाबल्याने वेग वाढत नाही, डेस्कटॉपवरची चित्रे पुन्हा रेखाटली जातात एवढेच. दर आठवड्याला डिफ्रॅगमेंट करणे, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे सलग लावणे, फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कसाठी होते; नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीला, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कला, त्याचा उपयोग नाही आणि तिची देखभाल विंडोज स्वतःच करते. आणि "चरे पडू नयेत म्हणून लॅपटॉप नेहमी मऊ चादरीवर ठेवा" हे वाक्य सोलापुरात बसून कोणी लिहिले असेल तर त्याने चादरीशी तरी प्रामाणिक राहायला हवे होते. आपली चादर जाड आणि उबदार असते, हीच तर तिची ख्याती. लॅपटॉपला थंड हवा घेण्याची भोके बहुधा तळाला असतात आणि ती चादरीत बुडाली, की पंखा ओरडू लागतो, यंत्र तापून आपला वेग स्वतःच कमी करते आणि दाजी पुन्हा रिफ्रेश दाबू लागतात. खाली लाकडी पाट ठेवला तरी पुरे.

नववा नियम बरोबर आहे, आणि हे मला नाइलाजाने लिहावे लागत आहे. "चार्जरला तीन पिना असतील तर तिसरी मोडू नका, अर्थिंग असलेल्याच प्लगला लावा." धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपवर मनगट टेकल्यावर ज्या झिणझिण्या येतात त्या बहुतेक वेळा चार्जरमधून झिरपणाऱ्या अगदी अल्प विजेच्या असतात आणि अर्थिंग मिळाले, की थांबतात, त्यासाठी यंत्र बदलून मागण्याची गरज नसते. भाचीलाही झिणझिण्या येत होत्या. टेबलाजवळच्या प्लगचे झाकण मी काढून पाहिले, तेव्हा अर्थिंगच्या भोकामागे वायरच नव्हती. रविवारी वायरमन येणार आहे; दाजींनी त्याला स्वतः फोन केला.