खुलासा: गिरणीतली मुलं 1833 मध्ये सुटली नव्हती

‘1833 च्या कायद्याने इंग्लंडमधली बालमजुरी संपली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांतली मुलं शाळेत गेली’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

त्या कायद्याने कापडगिरण्यांत 9 वर्षांखालच्या मुलांना मनाई केली, पण रेशीमगिरण्यांना त्यातून सूट होती. त्याहून मोठी मुलं, 13 वर्षांची होईपर्यंत, दिवसाला 9 तास राबू शकत. वर रोज 2 तास शाळा. देशभरासाठी निरीक्षक नेमले फक्त 4. आणि वय ठरवायचं कशावरून? सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली 1837 मध्ये. त्यामुळे डॉक्टर अंगकाठी बघून दाखला देत. चालत्या यंत्राखाली शिरून सांडलेला कापूस गोळा करणारं पोर ‘नऊ वर्षांचं दिसतं’ एवढ्यावर कामाला जुंपलं जाई, हे वाचताना आजही पोटात कालवतं.

1844 मध्ये तर किमान वय उलट 8 वर आणलं गेलं. तास मात्र साडेसहावर आले आणि अर्धा वेळ गिरणी, अर्धा वेळ शाळा ही पद्धत रुजली. मँचेस्टरच्या भोवतालच्या लँकेशायर परगण्यात ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. ती रद्द करणारा शिक्षण कायदा आला 1918 मध्ये.