रेघा दिसल्या म्हणून ग्राफिक्स कार्ड गेलं असं नाही

रत्नागिरी-मालवणकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: गेम खेळताना पडद्यावर रेघा किंवा रंगीत चौकोन दिसले, की खाऱ्या हवेने ग्राफिक्स कार्ड (कॉम्प्युटरमधला चित्र तयार करणारा भाग) गेलं समजा, नवीन घ्या. हे खरं नाही. अशाने लोकांचे हजारो रुपये फुकट जातील, म्हणून हा खुलासा.

बिघाड दिसत असतानाच स्क्रीनशॉट काढा आणि मोबाइलवर पाठवून बघा. त्यात रेघा नसतील तर दोष बहुधा केबलचा किंवा मॉनिटरचा. माझ्या भाच्याचं असंच झालं. टेबल समुद्राकडच्या खिडकीला लागून, खिडकी सदा उघडी. कॉम्प्युटर आणि मॉनिटर जोडणाऱ्या एचडीएमआय केबलच्या टोकावर हिरवट थर चढलेला. केबल बदलली, रेघा गेल्या. खाऱ्या हवेने काम केलं होतं खरं, पण कार्ड ठणठणीत होतं.

स्क्रीनशॉटमध्येही चौकोन असतील तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होईल, घाबरू नका. बिघाड ड्रायव्हरच्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर परत आणा. एकाच गेममध्ये होत असेल तर त्या गेमच्या फाइल तपासा. चित्र आडवं फाटल्यासारखं दिसणं हा तर बिघाडच नव्हे, व्ही-सिंक (गेमचं चित्र मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) चालू करा.

केबल बदलूनही, विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्यावर तेच चौकोन दिसले, तर मात्र कार्ड दाखवून घ्या.