नवख्याच्या हाती रोटरी नको

गाडी पॉलिश करण्यावरच्या एका लेखात ‘काम लवकर होतं’ म्हणून नवशिक्यांनाही रोटरी पॉलिशिंग मशीन घ्यायला सांगितलंय. लवकर होतं हे खरं, पण रंगही तितक्याच लवकर जातो! रोटरीचा पॅड एकाच अक्षावर गरगरतो. एका जागी रेंगाळला की पत्रा तापलाच. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, बऱ्याच गाड्यांवर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, बॉनेटच्या कडांवर त्याहून पातळ. तो एकदा गेला की पेंटवाल्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

ड्युअल अ‍ॅक्शन या दुसऱ्या प्रकारच्या पॉलिशिंग मशीनमध्ये पॅड फिरता फिरता हलतोही, आणि फार रेटलं तर फिरणंच थांबवतो. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा. मशीन चालू असताना रेघ जागच्या जागी थरथरताना दिसली, तर दाब कमी करा. वेळ जास्त लागतो, लागू दे.

धातू घासायच्या ग्राइंडरला फोम पॅड लावून भागवणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार. छोटा ग्राइंडर ११,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास फिरतो, पॉलिशिंगची रोटरी साधारण ६०० ते ३,००० मध्ये!

आणि काळ्या प्लॅस्टिकवर आधी मास्किंग टेप लावा. तिथे सुकलेलं पांढरं कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) सहजासहजी निघत नाही.