चाईचा उपाय, पण आजार भलताच

'टक्कल कुठेही पडो, 21 दिवसांत केस हमखास' हा फॉरवर्ड आजवर मी न वाचताच वर सरकवत आले. या वेळी तो माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मनावर घेतला आणि नारळाची शेंडी साफ करून बाथरूममध्ये ठेवली, म्हणून लिहायला बसले.

मेसेज थोडक्यात असा: टक्कल म्हणजे चाईच. ती जागा नारळाच्या शेंडीने रक्त दिसेपर्यंत घासा, वर कांदा-लसणाचा रस लावा, मग बिब्ब्याचं तेल. गोटा केलात तर गुण लवकर. डॉक्टरकडे जाऊ नका, ते इंजेक्शनं देऊन मुळं जाळतात आणि तपासणीसाठी कातडीचा तुकडा (बायोप्सी) काढून रोग पसरवतात. बुलढाण्यात शेकडो लोकांना याच उपायाने केस आले, वगैरे.

जाऊबाईंना चाई नाही. त्यांना लायकेन प्लॅनोपिलारिस आहे. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच केसांवर उलटते, पण घाव वेगळ्या जागी बसतो. चाईत हल्ला केसाच्या तळाच्या गड्ड्यावर होतो. नवा केस तयार करणाऱ्या मूळ पेशी त्याच्या बऱ्याच वर असतात, त्या वाचतात, म्हणून केस परत येऊ शकतो. लायकेन प्लॅनोपिलारिसमध्ये नेमका तो वरचा भागच सापडतो. मूळ पेशी जातात, तेलग्रंथी जाते आणि त्या जागी व्रण भरतो. जाऊबाईंच्या टाळूवर उजेडात पाहिलं तर मधली जागा चिंचोक्यासारखी गुळगुळीत आहे, केसांची छिद्रंच दिसत नाहीत. काठावर मात्र प्रत्येक केसाच्या बुडाशी पांढऱ्या खपलीचं कडं आणि भोवती लालसर-जांभळट छटा. तिथे खाजतं, आग होते, कंगवा लागला तरी दुखतं. चाईत सहसा अशी आग होत नाही, खपल्याही नसतात आणि छिद्रं शाबूत असतात. एवढा फरक मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने निदान 'कुठेही' हा शब्द तरी वापरू नये.

आता घासणं. माझं डोकं फिरलं ते इथे. लायकेन प्लॅनस, म्हणजे ज्या आजाराचा हा केसांतला प्रकार आहे, तो इजा झालेल्या जागी उठण्यासाठी प्रसिद्ध आहे. हातावर ओरखडा उठला तर त्याच रेषेवर नवे चट्टे येतात. त्वचारोगतज्ज्ञ याला कोबनर परिणाम म्हणतात. अशा माणसाला रोज सकाळी टाळू सोलायला सांगायचं? आणि त्यावर लसूण! कच्चा लसूण वाटून धड त्वचेवर बांधून ठेवला तरी भाजल्यासारखे फोड येतात. बिब्ब्याबद्दल तर आपल्याकडे कुणाला सांगायला नको. परीट कपड्यांवर खुणा करायचे तो हा बिब्बा. अंगावर उतला की काय होतं ते आजीला विचारा. तो रक्ताळलेल्या टाळूवर चोळायचा म्हणे. व्रणाच्या आजाराला आणखी एक व्रण, तोही घरच्या घरी.

कांद्याचं मात्र मान्य करावं लागेल. 2002 साली 'जर्नल ऑफ डर्मटॉलॉजी'त बगदादच्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास आला होता. 23 जणांनी दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावला, 15 जणांनी नळाचं पाणी. सहा आठवड्यांत कांदेवाल्यांपैकी 20 जणांना केस फुटले, पाणीवाल्यांपैकी आठ आठवड्यांनीही दोघांनाच. आकडे छान आहेत. पण ते सगळे रुग्ण चाईचे होते. चाईचे ठिपके कित्येकांत आपोआपही भरतात, आणि कांदा लावणाऱ्याला आपण कांदा लावतोय हे वासावरूनच कळतं. शिवाय त्या अभ्यासात कुणी टाळू शेंडीने खरवडली नव्हती. व्रण पडलेल्या टाळूबद्दल त्यात एक अक्षर नाही.

गोटा करून केस दाट होत नाहीत, हे किती वेळा सांगायचं. वस्तरा त्वचेच्या वर चालतो.

बुलढाण्याचं प्रकरण वेगळंच. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत पुंजक्यांनी गळले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध गव्हातल्या जादा सेलेनियम या खनिजाशी लावला. तिथे पुष्कळांचे केस पुन्हा उगवायला लागले, कारण मुळं मेलेली नव्हती. त्याचं श्रेय शेंडीला कशाला?

इंजेक्शनांबद्दल अर्धं खरं आहे. टाळूत दिलेल्या स्टेरॉइडने तिथली त्वचा पातळ होऊन खड्डा पडू शकतो. म्हणूनच डोस आणि अंतर डॉक्टर ठरवतात. पण मुळं जाळतो तो आजार, आणि ही इंजेक्शनं तो थोपवायला असतात. सोबत लावायचं स्टेरॉइड, डॉक्सिसायक्लिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या (दुसरीला डोळ्यांची तपासणी लागते) असं काहीबाही देतात. यातलं काहीही गेलेले केस आणत नाही. उरलेले वाचवतं. जाऊबाईंना हेच पटत नाही, आणि '21 दिवसांत केस' म्हणणारा मेसेज तिथेच बाजी मारतो.

राहिला तुकडा. मघाशी मीच म्हणाले की इजा झाली की हा आजार उठतो, मग बायोप्सी कशी चालते? जागा बधिर करून साधारण चार मिलिमीटरचा तुकडा एकदाच घेतात, एक-दोन टाके घालतात. रोजच्या खरवडण्याशी त्याची बरोबरी नाही, आणि त्यावाचून अनेकदा नक्की निदान होत नाही. तुकडा घ्यायचा तो आजार चालू असलेल्या काठावरून. गुळगुळीत मधल्या भागातून घेतला तर रिपोर्टात नुसता व्रण येतो आणि पैसे वाया. जाताना डोक्यावर तेल थापून जाऊ नका, खपल्या दिसेनाशा होतात.