उड्या न मारताही एरोबिक्स होतं

घरी व्हिडिओ लावून एरोबिक्स करायचं तर मोठा हॉल आणि उड्या मारण्याची ताकद हवी, असं एका लेखात वाचलं. मला ते अजिबात पटलं नाही. मी अमेरिकन फिटनेस प्रशिक्षक लेस्ली सॅन्सोनचं 'वॉक ॲट होम' करते, म्हणजे व्हिडिओ बघत घरातच चालण्याचा व्यायाम. त्यात मुख्य हालचाली चारच: जागच्या जागी चालणं, बाजूला पावलं टाकणं, पाय पुढे झटकणं आणि गुडघे वर उचलणं. एक पाय जमिनीवरच असतो, त्यामुळे सांध्यांना फारसे हादरे बसत नाहीत. सतरंजीएवढी जागा पुरते. पावसाळ्यात बाहेरचं फिरणं बंद पडतं, तेव्हा तर याचा फार आधार वाटतो.

बूट मात्र घालाच. अनवाणी फरशीवर केलं की माझ्या टाचा दुखायच्या. वेग बरोबर आहे का हे ओळखायला घड्याळ लागत नाही. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत दम लागला की झालं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. ती तुकड्यातुकड्यांनीही भरता येतात, हे नोकरी करणाऱ्या बायकांना कुणी सांगतच नाही! आणि शेवटचं कूल-डाऊन, म्हणजे वेग हळूहळू कमी करत थांबणं, गाळू नका, स्वयंपाकाची कितीही घाई असली तरी.