मालदीवचे ‘५७ भाऊ’ आणि आत्याचा कांदा

परवा रात्री साडेदहाला आत्याचा फोन आला. निफाडकडे साडेदहा म्हणजे मध्यरात्रच, त्यामुळे उचलतानाच पोटात गोळा.

“बाळूला सांग, राजीनामा टाक आणि निघून ये. तुझं ऐकेल तो. तिथं सैन्य येणारे.”

बाळू म्हणजे माझा धाकटा आतेभाऊ. तीन वर्षांपासून मालदीवच्या एका रिसॉर्टच्या बेकरीत आहे, पहाटे चारला उठून पाव भाजतो. म्हटलं, आत्या, कसलं सैन्य?

“सत्तावन्न देशांचं. ग्रुपवर आलंय.”

ग्रुप भावकीचा. लग्नपत्रिका, दहाव्याचे निरोप आणि असले फॉरवर्ड, तिन्ही तिथंच पडतात. ‘वेळीच जागे व्हा’ असं वर लिहिलेला तो मजकूर मी दोनदा वाचला. सार असं: मालदीव हा ५७ मुस्लिम देशांच्या ओआयसी नावाच्या लष्करी युतीत आहे, उद्या काही झालं तर ५७ देशांच्या फौजा भारताच्या दारात मालदीवमध्ये उतरतील. मालदीव त्या संघटनेत कायम भारताविरुद्ध मत देतो. तरी आपलं सरकार त्यांना लाखो टन कांदा फुकट पाठवतं. त्यांनी इस्रायली लोकांना बंदी केली, पुढचा नंबर आपला. आणि शेवटी, तिथं हिंदूला नागरिकत्व मिळत नाही. खाली नेहमीचं: किमान दहा जणांना पाठवा. आमच्या भावकीनं दहावर थोडंच थांबायचं?

आधी सैन्य, कारण आत्याची झोप त्यानं उडाली.

ओआयसी म्हणजे इस्लामी सहकार्य संघटना. १९६९ च्या ऑगस्टमध्ये जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीत जाळपोळ झाली, त्यानंतर सप्टेंबरात मोरोक्कोतल्या रबातला मुस्लिम देशांची परिषद भरली, तिच्यातून ही संघटना निघाली. कचेरी जेद्दाला, सदस्य ५७, मालदीव १९७६ पासून. तिला फौज नाही. एकावर हल्ला झाला तर बाकीच्यांनी धावून यायचं, असं नाटोसारखं कलम नाही. बैठका होतात, ठराव होतात, निषेध होतात. आणि त्या रबातच्या परिषदेचं निमंत्रण भारतालाही होतं. फक्रुद्दीन अली अहमद आपलं शिष्टमंडळ घेऊन गेलेही होते, पण पाकिस्तानचे याह्या खान अडून बसले आणि आपल्याला बाहेर राहावं लागलं. पुढं पन्नास वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, याच संघटनेच्या अबुधाबीच्या बैठकीला सुषमा स्वराज खास पाहुण्या म्हणून गेल्या, तेव्हा रुसून घरी बसायची पाळी पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांवर आली. शत्रूच्या लष्करी युतीत आपली परराष्ट्रमंत्री भाषण करून येते काय?

अर्धं खरं म्हणायचं तर एक सापडतं. डिसेंबर २०१५ मध्ये सौदीनं दहशतवादविरोधी लष्करी आघाडी जाहीर केली, तिच्या पहिल्याच यादीत मालदीवचं नाव होतं. पण ती ओआयसी नव्हे, आणि ती कुणाच्या दारात फौज उतरवायला काढलेली नाही. फॉरवर्डवाल्यानं दोन्ही एकाच भांड्यात ढवळलं, झालं.

मालदीवमध्ये परकी फौज उतरली होती हे मात्र खरं आहे. ३ नोव्हेंबर १९८८. श्रीलंकेतल्या तमीळ भाडोत्री बंदूकधाऱ्यांना हाताशी धरून काही मालदीवी लोकांनी पहाटे राजधानी मालेवर हल्ला केला. राष्ट्राध्यक्ष होते मौमून अब्दुल गयूम, कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात शिकलेले. इस्लामी बंधुत्वाचे धडे त्यांच्याइतके कुणी गिरवले असतील? ते लपत फिरत होते आणि मदतीला हाका मारत होते. त्याच रात्री आग्र्याहून उडालेली आयएल-७६ विमानं दोन हजारांहून जास्त किलोमीटर न थांबता येऊन मालेजवळच्या हुलहुले बेटाच्या धावपट्टीवर उतरली, आत आपले पॅराट्रूपर. ओलीस घेऊन जहाजातून पळणाऱ्यांना समुद्रात आयएनएस गोदावरी आणि आयएनएस बेतवानं गाठलं. म्हणजे त्या बेटांवर वेळेला धावून आलेली फौज आपली होती, आणि ती बोलावली होती त्यांनीच. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, “मग ते ग्रुपवर का नाही टाकत कुणी?”

आता मतदानाचा मुद्दा. खरा राग मला याचा आहे.

मे २०२०. टाळेबंदी चालू, आणि आपल्याकडे कोरोना कुणी पसरवला यावर मोबाइलमधून काय काय फिरत होतं ते आठवा. ते आखातात पोचलं, तिथून बोंब झाली. न्यूयॉर्कमधल्या ओआयसी राजदूतांच्या ऑनलाइन बैठकीत पाकिस्ताननं लावून धरलं की भारतातल्या मुस्लिमद्वेषाबद्दल संघटनेनं एक गट नेमावा. त्याला तिथल्या तिथं विरोध कुणी केला? मालदीवनं. त्यांच्या प्रतिनिधी थिलमीझा हुसेन यांनी सांगितलं की यात एकट्या भारताला वेगळं काढणं वस्तुस्थितीला धरून नाही, त्यानं दक्षिण आशियातल्या धार्मिक सलोख्याचंच नुकसान होईल. भारतात इस्लाम शतकानुशतकं आहे, तिथला तो दुसऱ्या क्रमांकाचा धर्म आहे, याचीही आठवण करून दिली. आणि पुढं म्हणाल्या की हेतू ठेवून बोलणाऱ्या काही जणांची विधानं आणि समाजमाध्यमांवरचा खोटा प्रचार म्हणजे १३० कोटी लोकांचं मत समजू नका.

पुन्हा वाचा. सव्वापाच लाख वस्तीच्या देशाची बाई ५६ मुस्लिम देशांसमोर सांगतेय की भारतीयांची परीक्षा त्यांच्या फॉरवर्डवरून करू नका. आणि आम्ही त्याच देशाची परीक्षा कशावरून करतोय? फॉरवर्डवरून!

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कलम ३७० गेलं तेव्हाही मालदीवनं तो भारताचा अंतर्गत प्रश्न असल्याचं सांगितलं होतं. ‘कायम विरुद्ध’ असं असतं का?

इथं ग्रुपमधले एक काका (हेच ते, दहावर न थांबणारे) म्हणाले, तेव्हा तिथं राष्ट्राध्यक्ष सोलिहचं सरकार होतं, आता मुइझ्झू आहेत. बरोबर आहे, काका. मुइझ्झू ‘इंडिया आउट’च्या लाटेवर निवडून आले, मे २०२४ पर्यंत तिथं असलेले आपले जवान परत पाठवले, त्यांच्या उपमंत्र्यांनी पंतप्रधानांबद्दल वेडंवाकडं लिहिलं आणि निलंबित झाले. ओआयसी काश्मीरवर पत्रकं काढते, त्यात सदस्य म्हणून मालदीवचं नाव गुंफलेलं असतं हेही कबूल. पण तेच मुइझ्झू ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीला आले आणि ४० कोटी डॉलर व ३००० कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा (अडीनडीला परकी चलन मिळण्याच्या सोयीचा) करार करून गेले. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या साठाव्या स्वातंत्र्यदिनाला मालेत प्रमुख पाहुणे होते मोदी. हे तर त्याच ग्रुपवर फोटोसकट आलं होतं, त्याच काकांनी टाकलेलं.

मग मालदीवचं ते इस्लामी ऐक्य नुसतं बोलण्यापुरतं आहे का? तसंही नाही. रोहिंग्या मुस्लिमांच्या प्रकरणात आफ्रिकेतल्या गांबियानं म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, तेव्हा मालदीवनं अमल क्लूनींना वकील नेमून आपणही उतरणार असं २०२० मध्ये जाहीर केलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तसा अर्ज दाखल केला. गाझावर ते बोलतात, कळकळीनं बोलतात. लहान देशाकडं असतं काय? मत, वकील आणि एक खुर्ची. ते वापरतात. पण सगळे भाऊ एका ताटात जेवतात असंही नाही. सौदीकडे झुकून याच मालदीवनं २०१६ मध्ये इराणशी संबंध तोडले आणि २०१७ मध्ये कतारशी. दोन्ही ओआयसीचे सदस्य. नंतर दोघांशी पुन्हा जुळवून घेतलं. आमच्या भावकीत बांधावरून जे चालतं तेच, फक्त इथं मध्ये समुद्र आहे.

कांद्याबद्दल बोलताना मला जपून बोलावं लागतं, कारण आत्याच्या कांदाचाळीत अजून माल आहे.

फुकट नाही, आत्या. विकत. १९८१ च्या व्यापार करारात अशी सोय आहे की आपल्याकडं निर्यातबंदी असली तरी मालदीवला ठरावीक कोटा मिळतो: तांदूळ, पीठ, साखर, डाळ, बटाटा, अंडी, बांधकामाची वाळूसुद्धा. प्रवाळाच्या बेटांवर शेती करणार कुठं? २०२४-२५ साठी कांद्याचा कोटा होता ३५,७४९ टन. ‘लाखो टन’ नव्हे. त्या सुमाराला देशात वर्षाला २४२ लाख टनांच्या आसपास कांदा निघत होता. म्हणजे हजार किलोत दीड किलो. तेवढ्यानं लासलगावचा भाव पडत नाही आणि चढतही नाही.

पण तुझा राग खोटा नाही. हा कोटा जाहीर झाला एप्रिल २०२४ मध्ये, आणि तेव्हा आपल्या कांद्याला निर्यातबंदी होती, ८ डिसेंबर २०२३ पासूनची. उठली मे महिन्यात, तीही ४० टक्के शुल्क लावून. त्याआधी ऑगस्टमध्येही शुल्क लावलं होतंच. त्या हंगामात फुफाजी ट्रॅक्टर भरून बाजार समितीत गेले आणि लिलाव बंद म्हणून तसेच परत आले, ट्रॉलीवरचं ताडपत्री झाकणही न काढता. तो हिशेब मागायचाय तर दिल्लीला मागा. मालदीवनं तर उलट त्या बंदीतही थोडा कांदा पैसे मोजून नेला. निर्यातबंदीत ज्यानं माल उचलला त्याच्यावरच चिडायचं, हे कुठलं गणित?

इस्रायलचं पटकन उरकतो. एप्रिल २०२५ मध्ये मालदीवनं कायदा बदलून इस्रायली पासपोर्टवर प्रवेश बंद केला, गाझाचा निषेध म्हणून. पटो न पटो, त्याचा भारतीय पासपोर्टशी काही संबंध नाही. आपल्याला अजूनही तिथं विमानतळावर पोचल्यावर व्हिसा मिळतो, मोफत.

राहिलं नागरिकत्व. हे खरं आहे, आणि मला आवडत नाही. २००८ च्या त्यांच्या घटनेत नवव्या कलमात लिहिलंय की बिगरमुस्लिम माणूस मालदीवचा नागरिक होऊ शकत नाही. दुसऱ्या धर्माची जाहीर उपासना चालत नाही, पूजेच्या मूर्ती देशात आणायला बंदी आहे. याचं समर्थन मी करणार नाही. फक्त फॉरवर्डवाल्यानं हे ‘हिंदूला’ म्हणून रंगवलंय. ते ख्रिश्चनाला, बौद्धाला, ज्यूला, सगळ्यांनाच लागू आहे. आणि बाळू तिथं नागरिक व्हायला गेलेला नाही, क्रोसाँ लाटायला गेलाय.

काल त्याच्याशी बोललो. म्हणाला, दादा, सैन्याचं मला काही माहीत नाही, इथं मैद्याची बोट दोन दिवस उशिरा आली त्याचीच धावपळ चाललीय. आईला सांग, गेल्या वेळी बॅगेत पितळी गणपती ठेवला होता तो मी मुंबई विमानतळावरूनच मित्राकडं परत दिला, या वेळी नको ठेवू.

आत्याला तसं सांगितलं. ती म्हणाली, मग लसणाची चटणी चालते का ते विचार.