३०० ओहम आणि छताचा पंखा

उंची हेडफोनचा शौक हा मुळात थंड हवेचा शौक आहे. माझा सेनहायझर एचडी ६५० जर्मनीतल्या वेडेमार्कच्या कंपनीचा, २००३ साली बाजारात आलेला. तिकडे लोक खिडक्या लावून, स्वेटर घालून निवांत ऐकत असतील. मी ऐकतो पुण्यात, मे महिन्यात, गच्चीखालच्या मजल्यावर. पंखा लावला की त्याची घरघर ऐकू येते. बंद केला की मालकंसाचा आलाप मध्यमावर स्थिरावायच्या आत बनियन अंगाला चिकटतो.

कानावर हेडफोन असताना पंखा कसा ऐकू येतो, असं कोणी विचारेल. तर हा हेडफोन ओपन बॅक. पाठीला नुसती जाळी. त्यामुळे आवाज मोकळा, ऐसपैस लागतो हे खरं. पण त्याच जाळीतून कुकरची शिट्टी, खालची भाजीवाली आणि वरचा पंखा हेही ऐसपैस आत येतात. उलट माझा तानपुरा बाहेर जातो. शेजारी पेपर वाचत बसलेली बायको मध्येच म्हणते, "परत तेच लावलंस? सकाळीही हेच होतं."

बरं, हे प्रकरण मोबाइलला जोडून भागत नाही. इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम. मोबाइलवर वाजतो, पण जीव नसल्यासारखा. म्हणून अँप, म्हणजे आवाजाला जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायर. ज्या मित्राने मला या नादाला लावलं, तो इथे पुढे सरसावला. "३०० ओहमला ओटीएलच. डोळे झाकून घे." ओटीएल म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला, व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा अँप. किंमत ऐकून डोळे उघडतात, पण तोवर पैसे गेलेले असतात.

माझ्या अँपमध्ये ६०८० नावाचा जाडजूड व्हॉल्व्ह आहे. नुसतं त्याचं फिलामेंट तापतं ठेवायला ६.३ व्होल्टवर २.५ अँपिअर लागतात, म्हणजे जवळजवळ १६ वॅट. आणि या हेडफोनमधून १०३ डेसिबल, म्हणजे कानठळ्या बसवणारा आवाज काढायला लागतो १ व्होल्ट. त्याचे साडेतीन मिलिवॅटसुद्धा होत नाहीत. उरलेले सगळे वॅट टेबलावर, पर्यायाने माझ्या अंगावर. आईला मात्र हा अँप मनापासून आवडतो. तिच्या माहेरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तो तापल्याशिवाय बोलायचा नाही म्हणे. डिसेंबरात ती येऊन त्यावर हात शेकून जाते.

आता शास्त्र असं की अँपचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा जास्त नसावा. ३०० चा अष्टमांश साडेसदतीस. माझ्या अँपचा १२०. "अरे, हे तर शास्त्राबाहेर गेलं," मी मित्राला म्हटलं. "तीच तर मजा आहे," तो म्हणाला. मग मी कागद घेऊन बसलो. एचडी ६५० चा इम्पीडन्स खर्जाच्या बाजूला, शंभरेक हर्ट्झच्या आसपास, ५०० ओहमपर्यंत चढतो. समोर १२० ठेवून गणित केलं, तर तेवढ्या जागी आवाज वाढतो १ डेसिबलने. एवढ्या खर्चाची मजा १ डेसिबल! तरीही ही गोष्ट मी बायकोला मोठ्या आनंदाने सांगितली. तिने वर पंख्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपर उघडला.

खरा घोळ इअरपॅडचा. सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि आवाज सगळ्यात जास्त बदलते तीच. मूळचे पॅड मखमली. वापरून वापरून ते चपटे होतात, कान ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या चकतीच्या, जवळ सरकतो आणि ओळखीचा गायक भलत्याच खोलीत बसून गायल्यासारखा वाटायला लागतो. आमच्याकडे त्यात घाम आणि खोबरेल तेल यांची भर. पॅड काढायचे म्हणजे कडेने बोटं आत घालून ओढायचं. प्लास्टिकच्या खुंट्या एकेक करून कट्‌ कट्‌ सुटतात आणि दर कट्‌ला आपण काहीतरी मोडलं असं वाटतं. आत एक पातळ काळा स्पंज, त्यामागे ड्रायव्हर. हजारो रुपये मोजले ते एवढ्याशा चकतीला, हे शक्यतो घरच्यांसमोर उघडून दाखवू नये.

मित्राच्या सांगण्यावरून मेंढीच्या कातड्याचे पॅड मागवले. तानपुऱ्याचा खर्ज काय घुमायला लागला! गायक मात्र दोन पावलं मागे गेला. शिवाय कातड्यातून वारा जात नाही. विलंबित संपायच्या आत कानातून धार. आईने ते हातात घेऊन दाबून पाहिले.

"मऊ आहेत रे. कशाचे?"

"मेंढीचे."

तेव्हापासून त्यांची जागा चपलांच्या रॅकवर, वरचा कप्पा. नंतर भोकाभोकांचे, कापडी पॅड आणले. कानाला हवा लागते, पण खर्ज त्याच भोकांतून पळून जातो. "एवढ्या उकाड्यात कानाला गोधडी बांधून बसायचं, आणि वर गोधडी कुठली चांगली याचा अभ्यास करायचा," आई म्हणाली. मी हेडफोन घातलेला होता, तरी स्पष्ट ऐकू आलं. ओपन बॅक.

परवा दुपारी मात्र चमत्कार झाला. लाइट गेली. पंखा घरघरत थांबला, फ्रीज गप्प झाला. पण लॅपटॉप बॅटरीवर होता, व्हॉल्व्ह तापलेले होते आणि अँपच्या कपॅसिटरांत वीज उरलेली होती, त्यामुळे पुढचे काही सेकंद गाणं चालूच राहिलं. काय सांगू! पहिल्यांदाच तानपुऱ्याची एकेक तार सुटी ऐकू आली. मग आवाज विरत विरत गेला.

मी लगेच मित्राला फोन लावला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझ्या घरच्या विजेतच कचरा आहे," तो म्हणाला. "पॉवर कंडिशनर घे. डोळे झाकून घे."